भल्या मालकाची मालकी

स्टीलच्या ताटात ताटाच्याच मापाचं गोल कापलेलं केळीचं पान आणि त्यावर डोसा. चेन्नईच्या सरवणा भवनमध्ये हे पाहिल्यावर माझी नजर आधी मोरीकडे गेली. नाशिकला आमची खानावळ आहे. भांडी घासणारा माणूस टिकत नाही, हे आम्हा खानावळवाल्यांचं कायमचं दुखणं. पान घातलं की सांबार-चटणी ताटाला चिकटत नाही, गिऱ्हाइकाला स्वच्छतेची खात्री वाटते आणि मोरीवाल्याचं निम्मं काम वाचतं. ज्या मालकाने ही पद्धत रुजवली त्याने स्वतः कधीतरी हॉटेलात फडका मारलेला असणार, असं मला तेव्हाच वाटलं.

आणि तसंच होतं. सरवणा भवनचे मालक पी. राजगोपाल यांचा जन्म ५ ऑगस्ट १९४७ चा. तमिळनाडूच्या पार दक्षिणेला, आजच्या तूत्तुकुडी जिल्ह्यातलं पुन्नैयडी हे त्यांचं गाव. वडील कांद्याचा व्यापार करायचे, घर मातीच्या भिंतींचं. सातवीनंतर शाळा सुटली आणि पोरगा एका हॉटेलात टेबलं पुसायला लागला. रात्री झोपायचं तिथेच, जमिनीवर. चहा करायला शिकला तोही तिथल्याच आचाऱ्याकडून. पुढे मद्रास, किराणा दुकानातली नोकरी आणि १९६८ मध्ये शहराच्या कडेला स्वतःचं छोटं दुकान.

राजगोपाल नाडार समाजाचे. एकोणिसाव्या शतकात या समाजाला देवळात मज्जाव होता. ताडाच्या झाडावर चढून ताडी आणि नीरा काढणं हा अनेकांचा पिढीजात धंदा. तिथून हा समाज व्यापारात शिरला आणि मद्रासच्या गल्लीगल्लीत नाडारांची किराणा दुकानं उभी राहिली. मुख्यमंत्री झालेले के. कामराज याच समाजाचे. पण किराणा विकणं वेगळं आणि शिजवलेलं अन्न वाढणं वेगळं. शाकाहारी हॉटेल म्हणजे ब्राह्मणांचं, बहुतेक उडुपीकडच्यांचं, अशी मद्रासची रीत होती. ट्रिप्लिकेनमधल्या मुरली कॅफेच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द होता म्हणून १९५७ मध्ये द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी तिथे आंदोलन केलं. त्या शहरात पंचवीसेक वर्षांत एका नाडार किराणावाल्याने इडलीचं हॉटेल काढावं आणि सगळ्या जातींनी तिथे रांग लावावी, ही माझ्या मते राजगोपाल यांची सगळ्यात मोठी कामगिरी. त्यांच्या यशोगाथांमध्ये नेमकी हीच गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते.

हॉटेल काढलं त्याची कथा साधी आहे. के. के. नगर भागात त्यांचं दुकान होतं. एक विक्रेता बोलता बोलता म्हणाला, दुपारी जेवायला मला टी. नगरला जावं लागतं, इथे धड एक हॉटेल नाही. एका ज्योतिषाने त्यांना अग्नीशी संबंधित धंदा करा, असं सांगितलेलं होतंच. १९८१ मध्ये के. के. नगरला पहिलं सरवणा भवन सुरू झालं. सरवणा हे मुरुगन देवाचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं नाव.

सुरुवातीला एका सल्लागाराने त्यांना सांगितलं की माल स्वस्तातला वापरा, नोकरांना कमीत कमी पगार द्या. राजगोपाल यांनी त्यालाच घरी पाठवलं. खोबरेल तेल आणि उत्तम भाजी वापरायची, पगार चांगला द्यायचा आणि पदार्थ एक रुपयाला विकायचा, असा हिशोब मांडला. महिन्याला दहा हजार रुपये तोटा होत होता, असं ते स्वतः सांगत. त्या काळातले दहा हजार! पण तोंडातोंडी नाव झालं आणि गल्ला भरू लागला.

त्यांचा चौदा इडल्यांचा वाडगा मी मुद्दाम मागवला होता. रुपयापेक्षा थोड्या मोठ्या चौदा इडल्या, वर सांबार, त्यावर तुपाची धार. इडली इतकी लहान केली की सांबार मधोमध पोचतं, चमच्यात अख्खी मावते, फुटून गाळ होत नाही. हे दिसतं सोपं, पण पीठ जमलं नाही तर एवढी लहान इडली एकतर दडस होते, नाहीतर सांबारात विरघळते. उडीद वेगळा भिजवून दगडी रगड्यात वाटायचा, पाणी शिंपडत शिंपडत घालायचं, आणि चिमूटभर पीठ पाण्यात टाकल्यावर तरंगलं पाहिजे. तांदूळ वेगळा वाटून मग दोन्ही हातांनी कालवायचं. घरी एका पातेल्याला हे जमतं. पण प्रत्येक शाखेत, रोज पहाटे, तीच चव काढायची म्हणजे वस्ताद टिकले पाहिजेत. एका हॉटेलाची साखळी होते ती इथे. वस्ताद आज आहे, उद्या समोरच्याने पाचशे जास्त दिले की गेला, असं असेल तर दुसरी शाखा निघत नाही.

राजगोपाल यांनी माणसं टिकवली. बरीचशी त्यांच्याच मुलखातली. राहायची सोय, दवाखान्याचा खर्च, वर्षातून एकदा गावी जायचं भाडं, पोरांच्या शाळेला मदत, मुलींच्या लग्नाला पैसे. नोकर त्यांना ‘अण्णाची’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. २००० मध्ये दुबईला पहिली परदेशी शाखा निघाली. मग सिंगापूर, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. आचारी चेन्नईहून धाडले जात, म्हणून चव तीच राहायची. न्यू जर्सीत एडिसनला राहणारी आपली मराठी मंडळीही रविवारी सकाळी तिथल्या शाखेच्या रांगेत उभी असतात. १९९७ मध्ये राजगोपाल यांचं तमिळ आत्मचरित्र आलं. गावाजवळ त्यांनी मोठं देऊळ बांधलं.

आता पुढचं.

त्यांच्या एका शाखेतल्या सहायक व्यवस्थापकाची तरुण मुलगी त्यांच्या मनात भरली. त्यांची दोन लग्नं झालेली होती. या मुलीशी लग्न केलं तर भरभराट होईल, असं ज्योतिषाने सांगितल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मुलीने नकार दिला आणि १९९९ मध्ये प्रिन्स शांताकुमार या तरुणाशी लग्न केलं. राजगोपाल मागे हटले नाहीत. तिच्या माहेरी पैशांची मदत, दवाखान्याचा खर्च, दागिने, साड्या, सतत फोन. पुढे धमक्या. ऑक्टोबर २००१ मध्ये नवरा-बायकोला पळवून नेलं गेलं. त्यातून सुटून १२ ऑक्टोबरला त्यांनी पोलिसांत तक्रार केली. काही दिवसांतच पुन्हा पळवलं.

राजगोपाल यांच्या डॅनियल नावाच्या ज्या माणसावर शांताकुमारला संपवायची जबाबदारी दिली होती, त्याने त्याला सोडून दिलं. मुंबईला निघून जा, परत येऊ नकोस, असं सांगितलं आणि मालकाला मात्र काम झाल्याचं कळवलं. शांताकुमारने बायकोला फोन केला. तिने परत बोलावलं. दोघांनी मिळून राजगोपाल यांना भेटून विनवणी करू, असं ठरवलं. दोघं गेले. त्यानंतर तो पुन्हा जिवंत दिसला नाही. ३१ ऑक्टोबरला कोडाईकनालजवळच्या जंगलात प्रेत सापडलं. गळा आवळून खून झाला होता.

२००४ मध्ये सत्र न्यायालयाने राजगोपाल यांना दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. २००९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो खूनच ठरवून जन्मठेप केली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मधली बहुतेक वर्षं ते जामिनावर बाहेर होते आणि साखळी वाढतच होती. ९ जुलै २०१९ ला ते रुग्णवाहिकेतून, नाकाला ऑक्सिजन लावून न्यायालयात शरण आले. १८ जुलैला गेले.

लोक म्हणतात, एकाच माणसात दोन माणसं होती. एक देवमाणूस, एक गुन्हेगार. मला हे पटत नाही. मला एकच माणूस दिसतो. खानावळ चालवणाऱ्याला हे आतून कळतं. आमच्याकडे उचल देतात. वाढप्याची आई आजारी पडली, मालकाने पैसे दिले. बहिणीचं लग्न, मालकाने पैसे दिले. देताना मालकाचं मन खरंच भरून आलेलं असतं. पण वहीत नाव लागलं की तो माणूस ‘नाही’ म्हणायला कचरतो. सुट्टी मागताना मान खाली घालतो. दुसरीकडे जायचं तर चोरासारखा जातो. पगार, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा हे कायद्याने मिळतं तेव्हा घेणारा कुणाचा मिंधा नसतो. मालकाच्या मर्जीने मिळतं तेव्हा त्याचं सगळं घर मिंधं होतं.

त्या मुलीचा बाप त्यांच्या पगारावर होता. राजगोपाल तिच्या घरच्यांसाठी जे करत होते, त्यातलं औषधपाणी आणि पैशांची मदत ते इतर शेकडो नोकरांच्या घरांसाठीही करत होते. तिथे बहुतेकांवर नकार द्यायची वेळ आली नसावी, कारण त्यांनी काही मागितलं नसावं. इथे मागितलं. नकार मिळाला. जो आपल्या जिवावर जगतो तो आपल्याला नाही म्हणतो, हे त्यांना सोसलं नाही. आणि खुनाच्या कामाला लागणारे हातही त्यांना बाहेरून शोधावे लागले नाहीत; शिक्षा झालेल्यांत त्यांचीच माणसं होती.

म्हणून मला या सगळ्या कथेत त्या मुलीचं धैर्य थक्क करतं. तिच्यासमोर नुसता श्रीमंत माणूस नव्हता. बापाचा अन्नदाता होता, हजारो घरांचा अण्णाची होता, त्याला देव मानणारं आख्खं गाव होतं. नवरा गेल्यावर साक्षीला उभं राहणं, २००१ पासून २०१९ पर्यंत तीन न्यायालयांमधून तीच जबानी टिकवणं, हे तिने केलं. तिच्यावर दबाव आले, आमिषं आली. ती मागे फिरली नाही.

सरवणा भवनमध्ये आता जेवावं का, असं मला ओळखीचे विचारतात. मी जेवते. तिथे पहाटे उडीद वाटणाऱ्या माणसाने काही केलेलं नाही आणि त्याच्या हाताला चव आहे. मात्र धंद्यात नवीन आलेली मुलं माझ्याकडे येऊन राजगोपाल यांच्याप्रमाणे माणसं कशी टिकवायची ते विचारतात, तेव्हा मी केळीच्या पानाचं सांगते, खोबरेल तेलाचं सांगते, आणि नोकराच्या नावाने दरमहा निधी भरायला सांगते. मुलीच्या लग्नाला पैसे द्यायचे असतील तर ते बोनस म्हणून द्या, सगळ्यांना सारखे द्या, आणि त्या लग्नाला तुम्हाला बोलावलं नाही तरी राग धरू नका, हेही सांगते.