किती पाळणे हलणार? रत्नागिरीचे गणित

कोकणातल्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका दरवर्षी एक हिशेब मांडते. समजा, डोंगराळ भागातल्या उपकेंद्राखाली ३,००० लोकवस्ती आहे. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ४५ जन्म होतात. गर्भपाताची शक्यता धरून त्यात १० टक्के मिळवले की सुमारे ५० गरोदर माता होतात. लसी आणि लोहाच्या गोळ्यांची मागणी या आकड्यावर ठरते. शेजारी जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते. तिच्यात पत्नीचे वय, मुले किती, धाकटे केवढे, सारे लिहिलेले असते. पन्नास जणी बहुतेक याच वहीतल्या असणार. पण नेमक्या कोणत्या, हे ती वही सांगू शकत नाही.

लोकसंख्याशास्त्राचे सारे नवल या एका गोष्टीत आहे. घराचे भाकीत चुकते, जिल्ह्याचे बरेचसे जमते. प्रत्येक वयोगटातल्या स्त्रियांची संख्या त्या वयाच्या जन्मदराने गुणायची आणि बेरीज करायची, एवढी साधी ही रीत. पिढी टिकायला दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुले लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १.७ आला.

रत्नागिरीत मात्र नुसता जन्मदर पुरत नाही. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ वर आली. राज्य वाढत असताना हा जिल्हा ८० हजारांहून अधिक माणसांनी घटला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या १,१२२. यामागे चाकरमान्यांची जुनी वाट आहे. ऐन विशीत माणूस मुंबईला गेला, की त्याची पुढची पिढीही बहुधा तिकडेच वाढते आणि गावच्या शाळेचा पट रोडावतो.

आणखी एक गुंता आहे. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथे होते. मुंबईची लेक बाळंतपणाला माहेरी आली, तर नोंद कोकणात आणि सव्वा महिन्याने बाळ पुन्हा मुंबईत! म्हणून जन्मनोंदवहीच्या जोडीला कुटुंबाचे नेहमीचे राहण्याचे ठिकाणही पाहावे लागते.

व्यक्तीचे भाकीत करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नेदरलँड्समध्ये २०२४ साली ‘प्रीफर’ नावाची स्पर्धा झाली. २०२० पर्यंतच्या माहितीवरून २०२१ ते २०२३ या काळात कोणाला मूल होईल, हे ओळखायचे होते. वय, जोडीदार, आधीची मुले यांवरून शक्यता वर्तवता येते, पण खात्री देता येत नाही. कारण मूल हा आता निर्णय आहे. तो विचारपूर्वक घ्यावा, हे मुरूडच्या कर्वे घराण्यातल्या र. धों. कर्वे यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले.

घरातला निर्णय घरातल्यांचाच राहावा आणि त्यांच्या बाळासाठी लस, अंगणवाडी, शिक्षक वेळेवर तयार असावेत, यासाठीच हे गणित. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारी येतील तेव्हा घरात कोण राहते, कोण मुंबईला आहे, हे नीट सांगा. गणित कितीही पक्के असले, तरी त्याचा पहिला आकडा आपल्या ओटीवरच लिहिला जातो.