एका भोरडीसाठी

ग्लॉस्टरशायर, जानेवारी

विलायतेतले पक्षी थंडीला कंटाळून आपल्याकडे येतात, ही आमच्या हर्सूलची पक्की समजूत. तलावावर चक्रवाक उतरले की ते सायबेरियाचे, आणि नाव माहीत नसलेले बाकी सगळे ‘फॉरेनचे’. इथे बघावं तर रशियाच्या टुंड्रातले बेविक हंस ऊब शोधत इंग्लंडात येतात! आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडतोय, पण अटलांटिकच्या कृपेने इथलं पाणी सहसा गोठत नाही, तेवढं त्यांना पुरतं. जवळच स्लिमब्रिजला पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९६४ मध्ये चोचीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीवरून एकेका हंसाची नोंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या मतदारयाद्याही इतक्या चोख नसतात.

जानेवारीअखेर इथे लाखो लोक तासभर खिडकीशी बसून परसातले पक्षी मोजतात. १९७९ पासून हे चालू आहे. गेली कित्येक वर्षं पहिला नंबर चिमणीचा, आणि तीच चिमणी इथल्या धोक्याच्या लाल यादीत! वर्षानुवर्षं मोजत आले, म्हणून घटली हे तरी कळलं.

परवा एका खेड्यातल्या गल्लीत ही गर्दी. टेलिस्कोप, थर्मास, गुडघ्यापर्यंत बूट. काहीजण रात्रभर गाडी हाकून आलेले. कशासाठी? कुणाच्या तरी कुंपणावर बसलेल्या एका भोरडीसाठी. तीही मळकट पिल्लू, मोठ्या भोरडीच्या गुलाबी रंगाचा पत्ता नाही.

“तुमच्याकडे दिसते?” एका आजोबांनी कुजबुजत विचारलं.

“ज्वारीवर थवेच्या थवे पडतात. शेतकरी गोफणीने हाकलतात.”

“साधारण किती?”

काय सांगणार? आपल्याकडे मोजणारे नाहीत असं नाही. हिवाळ्यात जायकवाडीवर पदरचं पेट्रोल जाळून पहाटे पाणपक्षी मोजायला जाणारी मंडळी आहेतच. पण हर्सूल तलावाच्या काठी गळ्यात दुर्बीण दिसली की हमखास प्रश्न येतो, “मोजणीला आलात का? प्लॉट पडतायत वाटतं इकडे?” पक्षी बघतोय म्हटलं तर चेहरा पडतो. आणि इथे एका पिल्लापायी अख्खी गल्ली अडवलेली, तरी घरमालकीणबाई चहा फिरवतायत! राग नक्की कुणाचा धरावा कळेना.

आजोबांनी वहीत ‘हर्सूल’ लिहून घेतलं. बसायला आडोसा आहे का, म्हणाले.

म्हटलं, ज्वारी आहे की. डोक्याएवढी. फक्त गोफणीचा धोंडा तेवढा चुकवायचा.