घरीं बांधलेल्या विमानाचें दार

आपल्या जाफराबादेसारख्या गांवांत जुन्या वाड्याचें दार पावसाळ्यांत फुगतें आणि चौकटीस घासूं लागतें. सुतार येतो, कडेवरून रंधा फिरवितो आणि काम भागतें. उन्हाळ्यांत फट पडली, तरी तिच्यांतून वाऱ्याखेरीज कोणी आंत येत नाहीं. विमानाच्या दारास मात्र त्या वाऱ्याशींच गांठ असते.

घरीं विमान बांधणें ही आतां केवळ परदेशची गोष्ट उरलेली नाहीं. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत कॅप्टन अमोल यादव यांनीं इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. २०१७ सालीं त्याची नोंदणी झाली व २०१९ सालीं त्यास उड्डाणाची परवानगी मिळाली. अशा विमानाचे पंख व इंजिन सर्वजण न्याहाळतात. दाराकडे सहसा कोणी पाहत नाहीं. म्हणून आज त्याचा विचार करूं.

उड्डाणांत केबिनच्या फुगीर कुशीवरून हवा वेगानें सरकते व तेथें तिचा दाब उतरतो. आंतील दाब तितका उतरत नसल्यामुळें दार बाहेर ओढलें जातें. ताशीं १८५ किलोमीटर वेगास समोरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरास सुमारें १६५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. दार पाऊण चौरस मीटरांचें आणि ओढ या जोराच्या निम्मी धरली, तरी ती ६० किलोग्रॅमांहून अधिक भरते. एकच खिटी मध्यभागीं असेल, तर दाराचा वरचा कोपरा बाहेर वांकतो. म्हणून वर व खालींही पकड हवी.

दार बसवितांना विमान आपल्या चाकांवर उभें असावें. टेकूंवर जुळलेली चौकट वजन पडतांच किंचित् तिरपी होऊं शकते. बिजागऱ्यांच्या खिळ्या एका रेषेंत आल्या पाहिजेत, नाहीं तर दार अडतें व पत्र्यास ताण बसतो. फट चोहोंकडे सारखी ठेवावी, पण अगदीं नाहींशी करूं नये. मीटरभर ॲल्युमिनियम तीस अंश तापलें, तर सुमारें पाऊण मिलिमीटर वाढतें. दाराची पुढील कड पत्र्याच्या बाहेर केंसभरही येतां कामा नये; वारा नेमकी तीच पकडतो. शेवटीं रबरी पट्टीवर खडू फांसून दार लावावें. चौकटीवर जेथें खडू उमटला नाहीं, तेथें पट्टी टेकलेली नाहीं. मग कानस बेतानें चालवावी. घासलेला धातु परत येत नाहीं.

इतकेंही करून दार उड्डाणांत उघडलें तर? बिजागऱ्या पुढील बाजूस असल्या, तर वारा तें बहुधा फार उघडूं देत नाहीं. मोठा आवाज होतो, कागद उडतात. पण विमान सामान्यतः उडत राहतें. खरा घात होतो तो वैमानिक दार ओढण्यास वांकतो आणि वेगाकडे त्याचें दुर्लक्ष होतें तेव्हां. म्हणून अशा वेळीं आधीं विमान सांभाळावें, शांतपणें उतरावें, आणि दार जमिनीवर आल्यावर लावावें. सुताराला चूक सुधारण्यास दुसरा दिवस मिळतो. वैमानिकानें तो आपल्या सावधपणानें मिळवावयाचा असतो.