रेणूच्या आकृत्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या रेषा, षटकोन आणि पाचरी म्हणजे एक लिपी आहे. तिची प्रत्येक खूण ठरावीक माहिती देते आणि बाकीची मुद्दाम गाळते. ही लिपी चित्र समजून पाहिली की पुढचे गैरसमज होतात.

गैरसमज १: दोन अणूंमधली रेषा म्हणजे त्यांना जोडणारी काडी.

वस्तुस्थिती: आर्चिबाल्ड कूपर यांनी १८५८ मध्ये अणू रेषांनी जोडून दाखवले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. रेषेचा आजचा अर्थ गिल्बर्ट लुईस यांच्या १९१६ च्या सिद्धांतातून आला: एक रेषा म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी. दोन रेषा काढल्या म्हणून बंध दुप्पट बळकट होतो असेही नाही. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर दुहेरी बंध तोडायला सुमारे ६१४.

गैरसमज २: मिथेनचा रेणू अधिकच्या चिन्हासारखा सपाट असतो.

वस्तुस्थिती: कागद सपाट आहे, रेणू नाही. मिथेनमधले चार हायड्रोजन चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात आणि बंधांमधला कोन ९०° नसून १०९.५° असतो. कार्बनची ही त्रिमितीय मांडणी व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे सुचवली. ती कागदावर दाखवायला पाचरी वापरतात: भरीव पाचर वाचकाकडे येणारा बंध दाखवते, तुटक पाचर मागे जाणारा, आणि साधी रेषा कागदाच्या पातळीतला. या खुणांना हलके लेखू नये. कार्व्होनच्या आकृतीत भरीव पाचरीच्या जागी तुटक पाचर काढली, की स्पिअरमिंट पुदिन्याच्या वासाचा रेणू कॅरवेच्या बियांच्या वासाचा होतो.

गैरसमज ३: नागमोडी रेषेच्या आकृतीत जे लिहिलेले नाही, ते रेणूतही नसते.

वस्तुस्थिती: या पद्धतीत प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक मोकळे टोक म्हणजे एक कार्बन. त्याचे चार बंध पूर्ण करण्यासाठी लागतील तेवढे हायड्रोजन आपण मनात धरायचे. इथेनॉलची आकृती म्हणजे दोन तिरप्या रेषा आणि शेवटी ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट. मोकळ्या टोकाच्या कार्बनला तीन हायड्रोजन, कोपऱ्यावरच्या कार्बनला दोन आणि ऑक्सिजनला एक, असे सहा हायड्रोजन होतात. कोपऱ्यावरचा कार्बन मोजायचा राहिला, की रेणुसूत्र चुकते.

गैरसमज ४: बेंझीनमधले एकेरी आणि दुहेरी बंध सतत जागा बदलत असतात.

वस्तुस्थिती: केकुले यांनी १८६५ मध्ये बेंझीनचे वलय मांडले आणि १८७२ मध्ये बंधांच्या अदलाबदलीची कल्पनाही सुचवली. पण हेक्झामिथाइलबेंझीनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, की हे वलय सपाट असून त्याच्या सहाही बाजू सारख्या आहेत. कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण १५४ पिकोमीटर लांब असतो आणि दुहेरी १३४. बेंझीनमधला प्रत्येक बंध मात्र सुमारे १३९ पिकोमीटर भरतो. बेंझीनच्या दोन आकृत्यांमधला दुतोंडी बाण ये-जा दाखवत नाही. खरा रेणू एकच आहे आणि तो दाखवायला एक आकृती अपुरी पडते, एवढेच तो सांगतो. समतोल अभिक्रियेसाठी उलटसुलट दिशांचे दोन वेगळे बाण असतात.

बेंझीनच्या षटकोनात दुहेरी बंधांऐवजी काढले जाणारे वर्तुळही जपून वापरावे. नॅफ्थलीनमध्ये दोन वर्तुळे काढली, की सहा-सहा मिळून दुहेरी बंधांतले बारा पाय (π) इलेक्ट्रॉन असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते दहाच असतात. म्हणूनच आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००८ च्या शिफारशी वर्तुळापेक्षा एकाआड एक दुहेरी बंधांना पसंती देतात.

गैरसमज ५: कार्बनचा अणू काळा आणि ऑक्सिजनचा लाल असतो.

वस्तुस्थिती: एकट्या अणूला असा रंग नसतो. हे रंग ओळखीपुरते ठरवलेले आहेत. हॉफमन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात रंगवलेल्या क्रोकेच्या चेंडूंनी रेणू दाखवले होते. आजच्या प्रतिकृतींतले रंग बरेचसे तेच आहेत.

आकृती काढून झाली की तीन गोष्टी तपासाव्यात: प्रत्येक कार्बनचे चार बंध भरतात का, इलेक्ट्रॉनचा हिशेब जुळतो का, आणि पाचरीचे निमुळते टोक योग्य अणूवर आहे का. या सवयीमुळे पाठांतराचे ओझे कमी होते आणि अनोळखी रेणूही वाचता येऊ लागतो.