वाघाच्या आवारात उतरणं: गुन्हा नेमका कोणाविरुद्ध?

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की वाघाच्या आवारात उतरणारा माणूस स्वतःचाच जीव धोक्यात घालतो, मग शिक्षा कशाला? आज तिथूनच सुरुवात करू.

आधी कायदा बघू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात प्राणिसंग्रहालयांचं स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातलं कलम ३८-जे सांगतं: प्राण्याला छेडू नका, इजा करू नका, खायला घालू नका, आवाजाने किंवा अन्य प्रकारे त्रास देऊ नका. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला, तर कैद एक वर्षापर्यंत.

आता गंमत बघा. ‘कुंपण ओलांडू नये’ असे शब्द या कलमात नाहीतच! पण ‘अन्य प्रकारे त्रास’ यात ते बसू शकतं. खंदकात माणूस उतरल्यावर वाघ स्वस्थ कसा राहील?

दुसरी वाट भारतीय न्याय संहितेची. कलम ३२९, फौजदारी अतिक्रमण: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे मात्र हेतू सिद्ध करावा लागतो. एखादा गुन्हा करण्याचा, किंवा जागेचा ताबा असणाऱ्या व्यक्तीला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा. म्हणजे तोल जाऊन पडलेला माणूस यात येत नाही. प्राण्याला छेडायला म्हणून उतरलेला येऊ शकतो.

१ जानेवारी १९९६ ला कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात दोघेजण शिवा नावाच्या वाघाला हार घालायला उतरले. एकाचा जीव गेला. पण नेहमी माणूसच मरतो असं नाही. मे २०१६ मध्ये चिलीच्या सँटियागोत एक माणूस सिंहांच्या आवारात शिरला. त्याला वाचवायला दोन सिंह गोळ्या घालून मारावे लागले. त्याच महिन्यात अमेरिकेत सिनसिनाटीला तीन वर्षांचा मुलगा खाली पडला आणि हरांबे हा गोरिला मारला गेला. तिथे आईवर खटला भरला नाही, कारण तो अपघात मानला गेला.

तर त्या प्रश्नाचं उत्तर हे: शिक्षा स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची नाही. तुम्हाला सोडवायला धावणाऱ्या कर्मचाऱ्याचा आणि त्या मुक्या प्राण्याचा जीव तुम्ही पणाला लावता. कुंपण दोघांसाठी असतं. राणीच्या बागेत मुलांना न्याल, तेव्हा एवढं जरूर सांगा.