लाडाची बकरी, मापाचा चारा

तुमच्या घरी बकरी आहे का? आमच्या नरडाण्यात आणि शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत अनेक घरांच्या दारात ती बांधलेली दिसते. तिला गरिबाची गाय म्हणतात. तिच्या दुधावर घरचा चहा होतो आणि करडू विकून वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. शिवाय शाळेतून आल्याबरोबर जिच्या गळ्यात पडावं, अशी ती मैत्रीणही असते. मग तिचे लाड होणारच! पण तिला खाऊ घालताना तुम्ही तिच्या पोटाला विचारता का?

आता तुम्ही म्हणाल, बकरी तर काहीही खाते! तिथंच चूक होते. बकरीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला सगळ्यांत मोठा. त्यात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. पालापाचोळा आणि कडबा आपल्याला पचत नाही, पण हे जीव तो कुजवून बकरीला पचेल असा करतात. बकरी भरभर चरून घेते. मग सावलीत बसून तोच चारा तोंडात आणते आणि चावत राहते. हेच ते रवंथ. म्हणजे तुम्ही चारा घालता तो फक्त बकरीला नव्हे, तिच्या पोटातल्या या पाहुण्यांनाही!

या पाहुण्यांना अचानक ढीगभर धान्य, भात किंवा पोळ्या मिळाल्या तर? ते भराभर आंबतं. पोटात आम्ल वाढतं, चांगले जीव मरतात, रवंथ थांबतं. बकरी मान खाली घालून उभी राहते, दात खाते, तिला पातळ हगवण लागते. एका लग्नसराईत आमच्या शाळेतल्या एका मुलाने उरलेला भात आणि पुऱ्या टोपलीभर आणून बकरीपुढे ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. तो रडत म्हणाला, “सर, मी तिला उपाशी नाही ठेवलं हो, पोटभर जेवू घातलं!” त्याच्या मायेत काही खोट नव्हती. पण जेवण माणसाचं होतं आणि पोट बकरीचं.

मग तिला द्यायचं तरी काय? मोठ्या बकरीला दिवसाला साधारण ३ ते ४ किलो हिरवा चारा, १ किलोच्या आसपास वाळलेला चारा आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक पुरतो. खुराक म्हणजे भरडलेला मका किंवा ज्वारी आणि थोडी पेंड. बोरीचा, शेवरीचा, निंबाचा पाला तिला फार आवडतो. पाला उंच बांधून ठेवा. पुढचे पाय वर करून खाण्यात तिला मजा वाटते आणि चाराही पायाखाली तुडवला जात नाही. आपल्याकडे तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा, भुईमुगाचा पाला असतोच. स्वच्छ पाणी कायम हवं. नवीन चारा सुरू करताना आठ-दहा दिवस थोडा थोडा वाढवत न्या. करडू जन्मलं की पहिल्या तासाभरात त्याला आईचा चीक मिळालाच पाहिजे. रोगाशी लढण्याची ताकद त्यातूनच येते.

आणखी एक जपा. पावसाने ताण दिला की कोवळ्या, सुकलेल्या ज्वारीत विष तयार होतं. कापणीनंतर धसकटांना आलेल्या फुटव्यांतही ते असतं. असा चारा खाऊन जनावर काही मिनिटांतही दगावू शकतं. शेतकरी याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत बकरीला त्या शेतात सोडू नका.

हा नियम काही बकरीपुरता नाही. शहरात हल्ली काही जण शुगर ग्लायडर नावाचा इवलासा प्राणी पाळतात. मूळचा तो ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलातला. या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. तिथं तो बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, फुलांतला मध आणि किडे खातो. घरात मात्र त्याला गोड फळंच फळं दिली, तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. प्राणी वेगळा, देश वेगळा, चूक तीच!

आज संध्याकाळी एक करून पाहा. बकरीच्या डाव्या कुशीला हळूच कान लावा. थोडा वेळ थांबलात की पोटातली गुडगुड ऐकू येईल. ती ऐकू आली आणि बकरी रवंथही करत असली, तर पाहुणे खूश आहेत असं समजा. आवाज बंद, पोट फुगलेलं आणि बकरी सुस्त दिसली, तर खुराक लगेच थांबवा आणि आई-बाबांना सांगून गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. उद्यावर ढकलू नका. तिला सांगता येत नाही, पण तुम्हाला ऐकता येतं ना?