‘डिसमिस्ड’ म्हणजे निर्दोष नव्हे

कोर्टाच्या नोंदींवर संशोधन करायचं ठरवताय? मग आधी टेक्सासमधला एक साधा गुन्हा घेऊन बघा: परवानगी नसताना दुसऱ्याच्या जागेत शिरणं. तिथल्या दंडसंहितेचं कलम ३०.०५. बहुतेक वेळा हा ‘क्लास बी’ गुन्हा असतो: जास्तीत जास्त १८० दिवस तुरुंग, २,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला काउंटी कोर्टात चालतो.

आता निकालाचा रकाना. ‘डिसमिस्ड’ दिसलं की आपण ‘निर्दोष’ मोजून मोकळे होतो. फसतो ते इथेच. कधी पुरावा कमी म्हणून सरकारी वकील खटला मागे घेतात. कधी मात्र आरोपीने गुन्हा कबूल केलेला असतो, पण न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतात. ठरलेला काळ अटी पाळल्या की खटला रद्द. शेवटी शब्द तोच.

उलटंही होतं. जामिनाला पैसे नसलेला माणूस आत असतो. ‘कबूल कर, भोगलेले दिवस शिक्षेत धरू’ म्हटलं की तो कबूल करून घरी जातो. नोंद: ‘दोषी’.

म्हणून निकालासोबत कबुली झाली का, आणि अटक, सुटका व निकालाच्या तारखा टिपा. नाहीतर तुमच्या तक्त्यात गरिबीच गुन्हा म्हणून मोजली जाईल.